ठकी पास का होत नाही

ठकी लागोपाठ तिसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा पुण्याच्या 'अंगण' कंपनीत हसावं की रडावं हेच कुणाला कळेना. ठकी ही काही खरीखुरी मुलगी नव्हती. ती ऋजुता दामगुडेने बनवलेली होती, आणि ऋजुताने बनवलेलं काही नापास होण्याची सवय त्या कंपनीत कुणालाच नव्हती. खुद्द ऋजुताला तर मुळीच नव्हती.

बाई हुशार होती आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. चाळिशी गाठली तरी जिभेला हाड नव्हतं. दूरशिक्षणाची बहुतेक साधनं म्हणजे फळ्याचा फोटो काढून पोरांच्या तोंडावर मारण्याचा प्रकार आहे, असं ती एका भरल्या परिषदेत बोलून गेली होती, आणि समोर तीच साधनं बनवणारे लोक बसले होते. त्यांनी दात ओठ खाल्ले. पण दोन वर्षांपूर्वी शिक्षण खात्याने डोंगरातल्या मुलांचं काम द्यायचं ठरवलं, तेव्हा ते ऋजुतालाच मिळालं.

काम होतं कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वस्त्यांचं. तिथल्या शाळांत एकेक, दोन-दोन मुलं उरली होती. लाँचने पाणी ओलांडून आणि मग डोंगर चढून शिक्षक यायचे, ते एका मुलासमोर उभं राहून शिकवायचे. पुढे शाळा बंद झाल्या. मुलांनी घरीच शिकावं, त्यासाठी चांगलं साधन द्यावं, असं ठरलं. दोन वर्षं संपत आली होती आणि खात्याच्या नलवडे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की एकएकट्या मुलांच्या वस्त्यांचे निकाल फार वाईट आहेत. एप्रिलच्या चाचणीतही तेच झालं, तर ही मुलं जूनपासून निवासी शाळेत जातील. नऊ-दहा वर्षांची मुलं, दिवाळीला आणि मे महिन्यात तेवढी घरी येणार. नलवडे मॅडम काही दुष्ट नव्हत्या. मुलं शिकत नसतील तर त्यांना घरी बसवून ठेवायचा मला अधिकार नाही, असं त्या म्हणाल्या.

ऋजुताच्या साधनाचं नाव होतं 'लिंबू'. हे नाव कुठून आलं ते आपल्याकडच्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. लपाछपीचा नाहीतर लगोरीचा डाव रंगात आलेला असतो आणि एखादं शेंबडं धाकटं भावंड भोकाड पसरून उभं राहतं. त्याला घेतल्याशिवाय आई खेळू देत नाही. मग त्याला 'कच्चं लिंबू' करतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, ओरडतं, पकडलंही जातं, पण आऊट होत नाही. ऋजुताने लहानपणी एक गोष्ट पाहून ठेवली होती. डावाचे नियम सगळ्यात पक्के येतात ते कच्च्या लिंबाला समजावून सांगणाऱ्या मोठ्या पोराला. त्याला आधी वाटत असतं की आपल्याला सगळं येतं. समजावताना कळतं की अर्धंच येतंय. पुढे शिक्षणशास्त्र शिकताना तिला हेच संशोधकांनी मोजून दाखवलेलंही सापडलं. आपल्याला दुसऱ्याला शिकवायचं आहे अशा तयारीने जो शिकतो, त्याच्या डोक्यात विषय जास्त नीट बसतो.

पण वस्तीवर एकटंच असलेल्या मुलाने शिकवायचं कुणाला? तर यंत्राला. त्या काळी सगळं येणारी यंत्रं पैशाला पासरी मिळत होती. काहीच न येणारं यंत्र बनवणं मात्र महाकठीण काम होतं, आणि ऋजुताने ते करून दाखवलं होतं. तिने एका बोलक्या यंत्राच्या डोक्यातून गणित, विज्ञान सगळं खरवडून काढलं आणि त्यात फक्त लहान मुलं करतात त्या चुका भरल्या. मुलाला टॅबवर धडा मिळायचा. मूल तो शिकायचं आणि मग टॅबमधल्या आपल्या लिंबाला शिकवायचं. लिंबू शंका विचारायचं, घोळ घालायचं, आणि मुलाने जेवढं शिकवलं तेवढंच शिकायचं. शेवटी परीक्षेला बसायचं तेही लिंबूच. मुलाला परीक्षेची भीती नाही, आणि लिंबाला पडलेले गुण म्हणजे मुलाला किती समजलं त्याचा आरसा. वस्त्यांवर रेंज नव्हती, म्हणून लाँचवर एक डबी बसवली होती. लाँच धक्क्याला लागली आणि घरचं कुणी टॅब तिथे घेऊन आलं की टॅबमधले निकाल आणि निरोप त्या डबीत जायचे आणि नवे धडे उतरायचे. वर्षाची परीक्षा पास झाली की लिंबू आपल्या गुरूचे आभार मानून पुढच्या वर्गात निघून जायचं आणि नवं, कोरं लिंबू यायचं; हे मुलाला टॅब देतानाच सांगितलेलं असायचं. हा निरोपाचा प्रसंग लिहिताना ऋजुताच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणून तिने तो तसाच ठेवला.

जिथे दोन-तीन मुलं होती तिथली लिंबं धडाधड पास झाली. एकएकट्या मुलांची मात्र शेवटच्या पायरीवर येऊन अडली. एकट्याने शिकता येत नाही एवढाच याचा अर्थ आहे, असं तिचा भागीदार निरंजन म्हणाला. हा कॉलेजपासूनचा मित्र, हिशोबाला पक्का आणि वाद टाळण्यात पटाईत. ऋजुताने त्याचं ऐकल्यासारखं केलं आणि सगळ्यात वाईट निकाल उघडून बसली. वस्ती करंजदांड. विद्यार्थिनी कस्तुरी ढेबे, वय नऊ. तिच्या लिंबाचं नाव ठकी.

अपूर्णांकांच्या चाळीस प्रश्नांत ठकीला शून्य गुण होते. तिन्ही वेळा शून्य.

ऋजुता खुर्चीत ताठ बसली. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते. ज्याला काहीच येत नाही त्याने डोळे मिटून खुणा केल्या तरी दहाएक बरोबर येणारच. अडाण्याचा निशाणा चुकतो तसा कधीमधी लागतोही. चाळीसच्या चाळीस चुकवायचे, तेही तीनदा, तर प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर आधी माहीत असावं लागतं. ठकीला ते माहीत असणं शक्य नव्हतं. म्हणजे तिला कुणीतरी अतिशय काळजीपूर्वक, एकही भोक न ठेवता, चुकीचं शिकवलं होतं.

तिने नलवडे मॅडमना फोन लावला आणि ही मुलगी नापास नाही, कदाचित सगळ्यांत हुशार आहे, असं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. तुमचं गणित मला पटतं, पण शून्याला मी पास कशी म्हणू, असं त्यांनी विचारलं. एप्रिलची चाचणी व्हायचीच होती.

दुसऱ्या दिवशी ऋजुता लाँचमध्ये बसली. धक्क्यापासून करंजदांडपर्यंतचा चढ तिने तीनदा बसून पार केला आणि प्रत्येक वेळी शहरातल्या आपल्या जिमच्या नावाने बोटं मोडली. वस्ती म्हणजे गवळी धनगरांची पाच घरं, त्यांतली दोन कुलूपबंद. कस्तुरीची आई अश्विनी म्हशींना पाणी दाखवत होती. तिने पाहुणीला ताक दिलं आणि आधी आपल्या मनातलं बोलून टाकलं. पोरगी दिवसभर त्या ठकीशी बोलत बसते, अभ्यास मात्र पुढे जात नाही, हॉस्टेलात घालावं लागणार असं खात्याची माणसं सांगून गेली आहेत. पोरीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही, असंही ती आवाज खाली आणून म्हणाली. सांगताना तिचा चेहरा उतरला होता.

कस्तुरी पडवीत टॅब मांडीवर घेऊन बसली होती. काटकुळी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, आणि पाहुणीकडे संशयाने बघणारी. ऋजुताने तिला काही विचारलं नाही. नुसती बाजूला बसून राहिली. थोड्या वेळाने कस्तुरी तिला विसरली आणि शिकवायला लागली.

ती काय शिकवत होती ते ऐकून ऋजुताला हसू आवरेना. दुधाच्या भांड्याचे चार वाटे केले तर एकेक वाटा तीन वाटे केल्यापेक्षा मोठा येतो, कारण चार हा आकडा तीनापेक्षा मोठा. ठकीने विचारलं, जास्त घरांत वाटलं तर प्रत्येकाला जास्त दूध कसं मिळेल? शंका अगदी रास्त होती. कस्तुरीने ती दोन वाक्यांत अशी गुंडाळली की एखाद्या वकिलाने तोंडात बोट घालावं. पुढच्या प्रश्नाला ठकीने चुकून बरोबर उत्तर दिलं. कस्तुरीचं बोट जागच्या जागी थांबलं. "चूक," ती ठकीला म्हणाली, "नीट बघ." आणि तिला पुन्हा चुकीच्या वाटेला लावूनच तिने पुढचा प्रश्न घेतला.

एवढ्या झटकन बरोबर उत्तर पकडायला ते यावं लागतं. ऋजुताने टॅब हळूच बाजूला ठेवला.

"कस्तुरी, तुला सगळं येतं."

कस्तुरीने टॅब परत ओढून घेतला.

"मग ठकीला खोटं का शिकवतेस?"

पोरीने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग एकदम मान वर करून म्हणाली, "पास झाली की तुमी तिला नेता."

जिथे दोन-तीन मुलं होती तिथे एक लिंबू गेलं तरी मुलांना मुलं उरत होती. या वस्त्यांवर मात्र ठकी गेली की ओळखीच्या अशा म्हशी तेवढ्या उरणार होत्या; नवं लिंबू यायचं, पण ते परकं आणि कोरं. हे ऋजुताला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? ती कंपनीत बसून स्वतःच्याच निरोपाच्या प्रसंगावर रडत होती. तिची तिलाच लाज वाटली.

पण खोटं बोलायचं नाही हे तिने ठरवलं. ठकी हे यंत्र आहे, तिला आनंद होत नाही, दुःख होत नाही, तू शिकवलंस काय किंवा फसवलंस काय, तिला काहीच वाटत नाही, असं तिने सरळ सांगितलं.

"तिला न्हाय वाटत," कस्तुरी म्हणाली. "मला वाटतंय की."

ऋजुताने मग हॉस्टेलची गोष्टही तिला सांगून टाकली, कारण जिचं घर सुटायचं आहे तिलाच ते माहीत नसणं बरोबर नव्हतं. चाचणीत ठकी पास झाली नाही तर तुला जूनमध्ये जावं लागेल. कस्तुरीने गोठ्याकडे, आईकडे पाहिलं. डोळे भरले, पण आवाज चढला नाही.

"हॉस्टेलात ठकी न्हाय. पास झाली तरी ठकी न्हाय. मग पास करून मी काय करू?"

"मग काय, तिला जन्मभर ढच ठेवायचं? तूही तिच्याबरोबर याच धड्यावर बसून राहणार?"

हे तिला लागलं. मग तिने मामाच्या गावची गोष्ट सांगितली. तिथे खूप पोरं होती, लगोरी खेळायची, आणि कस्तुरीला कच्चं लिंबू करायची. एका सुट्टीत ती गेली आणि पोरं म्हणाली, आता तू मोठी झालीस, आता आऊट होणार. ती पहिल्याच डावात आऊट झाली आणि घरी येऊन रडली. पण दुसऱ्या दिवशी परत खेळायला गेली.

"लिंबू मोठं झालं म्हणून त्याला घरी न्हाय पाठवत, मॅडम. त्याला फकस्त आऊट करत्यात."

ऋजुताने सगळा खेळ उचलला होता, नियम उचलले होते, नावसुद्धा उचललं होतं, आणि नेमका हा एक भाग मात्र तिच्या हातून सुटला होता. कच्चं लिंबू डावाबाहेर कधीच जात नाही. ते पक्कं होतं आणि मग त्याच डावात बरोबरीने खेळतं. हे कुठल्याही पोराला माहीत असतं. शाळेला वर्ग असतात आणि वर्ग संपला की निरोपसमारंभ असतो, एवढंच तिच्या शिकलेल्या डोक्यात होतं.

तिने शब्द दिला. ठकी पास झाली तरी जाणार नाही. ती तुझ्याच वर्गात राहील, नवा धडा तुझ्याबरोबर शिकेल, आणि तिची चूक झाली तर तिला आऊट म्हणायचा तुला हक्क राहील. तुझी चूक झाली तर तिलाही राहील.

"चाचणीच्या आधी करता?"

"आधी करते."

निघताना कस्तुरीने टॅब मागे लपवला. शब्द दिला म्हणून लगेच विश्वास ठेवावा एवढी ती भोळी नव्हती.

पुण्यात निरंजनला हे कळल्यावर तो हरखून गेला. मुलं लिंबाला सोडायला तयार नाहीत, यापेक्षा चांगली बातमी कुठली? त्याने लगेच सांगून टाकलं की निरोप काढून टाकू, ठकीला कायम थोडं कच्चंच ठेवू. पोरं वर्षानुवर्षं तिला शिकवत बसतील, साधन कधी बंदच पडणार नाही. खात्याला वापराचे आकडे दाखवले की पुढच्या पाच जिल्ह्यांचं काम खिशात. तो वाईट माणूस नव्हता आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचंही नव्हतं. तसं करणं सोपं होतं, एका दुपारचं काम. आणि क्षणभर, खरं सांगायचं तर, ऋजुताचंही मन डळमळलं. शब्द पाळल्यासारखंही झालं असतं आणि चाचणीच्या आधीही झालं असतं.

"आणि कस्तुरी मोठी कधी होणार?" तिने विचारलं.

निरंजन म्हणाला, तो आपला प्रश्न नाही.

"आपलाच आहे. कायम ढ राहणारी मैत्रीण दिली तर ही पोर तिच्यासाठी स्वतःही ढ राहील. सध्या तेच करतेय ती."

त्यांची जोरात जुंपली. वीस वर्षांत पहिल्यांदाच निरंजनने दार आपटलं. ऋजुताला वाईट वाटलं, पण ती कामाला लागली. अवघड जागा एकच होती. पास झाल्यावर ठकीला गणिताचं सगळं ज्ञान एकदम उघडून दिलं तर ती मुलीच्या डोक्यावर बसेल. मुद्दाम मागे ठेवलं तर तीच फसवणूक पुन्हा चालू होईल. ऋजुताने तिला दोन्हींपैकी काहीच दिलं नाही. नवा धडा दोघींनी एकदमच पाहायचा, उदाहरणं दोघींना तेवढीच मिळायची, आणि त्यातून ठकीला जे कळेल ते कळेल. कधी ती पुढे, कधी कस्तुरी. जिंकण्या-हरण्याची व्यवस्था करणारा कुणी मध्ये बसवायचा नाही. निरंजन तिसऱ्या दिवशी आला, काही न बोलता शेजारच्या खुर्चीत बसला आणि चाचण्या घ्यायला लागला. ठकी, आठवणी त्याच ठेवून पण नियम बदलून, चाचणीच्या आदल्या लाँचने करंजदांडला गेली.

चाचणीच्या दिवशी ऋजुता धक्क्यावर हजर होती, कारण पुण्यात बसून राहणं तिच्याने झालं नसतं. नलवडे मॅडमही आल्या होत्या. दोघी करंजदांडपर्यंत चढून गेल्या आणि पडवीत सतरंजीवर बसल्या. ठकी एकेक प्रश्न सोडवत होती आणि कस्तुरी मांडीवर हात ठेवून टॅबकडे एकटक पाहत होती. तिने ठकीला खरं शिकवलं होतं की नाही, हे ऋजुतालाही ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत तिला झाली नव्हती. मुलीने आपल्या शब्दावर भरवसा टाकला का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि त्यापुढे पाच जिल्ह्यांचं काम तिला खरोखर आठवतही नव्हतं.

चाळीसपैकी छत्तीस.

नलवडे मॅडमनी निकाल दोनदा पाहिला. पूर्वी निरोपाचं भाषण सुरू व्हायचं त्या जागी ठकी म्हणाली, "छत्तीस आले. चार कुठले चुकले ते आधी बघू या का?" कस्तुरीने एक मोठा श्वास सोडला आणि टॅब उराशी धरला. अश्विनी पदराने डोळे पुसत म्हशींकडे गेली, तिथे तिला काही काम नव्हतं तरी. मॅडमनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि जूनला या मुलीला कुठे हलवायचं कारण मला दिसत नाही, असं सांगितलं. बाकीच्या एकएकट्या मुलांच्या टॅबमध्येही नवं लिंबू घाला आणि महिनाभराने पुन्हा चाचणी घेऊ, असंही त्या म्हणाल्या. ती झाली, आणि एक सोडून सगळी पास झाली. त्या एकाला खरंच अपूर्णांक येत नव्हते. त्याला ते पुन्हा शिकवले.

जुलैत एक दिवस लाँचच्या डबीतून कस्तुरीचा निरोप आला. ऋजुताने तो मीटिंग अर्धी सोडून ऐकला. तिला धाकधूक होतीच. नऊ वर्षांच्या मुलीला हरायला लावणारं साधन आपण बनवलं आहे, हे ती जाणून होती.

"मॅडम, कस्तुरी बोलतीया. दशांशाचा धडा आलाय. ठकीला पयल्यांदा जमला. मला न्हाय जमला. मी आऊट झाले."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. पोरगी रडते आहे असं ऋजुताला वाटलं आणि तिने आवाज वाढवला.

"माझ्यापुढं गेली ती," कस्तुरी म्हणाली. आवाज ओला होता, पण त्यात दुःखाचा लवलेश नव्हता. "मी शिकवलेली हाय ती, मॅडम. आता ठेवते. ती थांबलीया माझ्यासाठी."